कपाटातलं विज्ञान आणि संध्याकाळचे दोन तास

शहरातल्या आणि तालुक्याच्या गावातल्या मुलांची संध्याकाळ आता क्लासवाल्यांच्या मालकीची झाली आहे. गणिताचा क्लास, स्कॉलरशिपचा क्लास, शनिवार-रविवारी अबॅकस, नाहीतर चित्रकलेच्या ग्रेड परीक्षेची तयारी. गेल्या काही वर्षांत या वेळापत्रकात एक भाव खाणारा विषय घुसला आहे, तो म्हणजे रोबोटिक्स. फलकावर चष्मा लावलेलं, पांढरा कोट घातलेलं गोरंगोमटं मूल, हातात चाकं असलेला डबा आणि खाली 'उद्याचे वैज्ञानिक' वगैरे मजकूर. फी ऐकून पालक जरा दचकतात, पण भरतात. पोरगं निदान मोबाइल सोडून काहीतरी हाताने करतंय, हे समाधान खोटं नसतं.

हाताने काहीतरी करण्याच्या बाजूचा मी पूर्णपणे आहे. शाळेच्या तासिकेत ते होत नाही, होणं अवघडही आहे. पस्तीस-चाळीस मिनिटं, साठ मुलं, एक शिक्षक आणि डोक्यावर संपवायचा अभ्यासक्रम. त्यामुळे शाळा सुटल्यानंतरचे दोन तास हीच विज्ञानाची खरी जागा, हे मला पटतं. वाद आहे तो त्या दोन तासांत काय करायचं आणि त्यासाठी पैसा कशावर खर्च करायचा, याचा. माझं म्हणणं असं, की सरकार, कंपन्यांचे सामाजिक निधी आणि पालक, तिघंही यंत्रांवर आणि किटवर पैसे लावतात. आणि ज्याच्यावाचून ते सगळं फुकट जातं त्या माणसावर कोणी लावत नाही.

आधी किटचं बघू. खोक्यात सगळे भाग मोजून ठेवलेले असतात. वायरीच्या टोकाचा प्लास्टिकचा कनेक्टर एकाच बाजूने बसतो, उलटा लावायचा म्हटलं तरी लागत नाही. सोबतच्या रंगीत पुस्तिकेत पायऱ्या असतात: हे इथे लावा, ते तिथे लावा, बटण दाबा. तासाच्या शेवटी गाडी काळ्या रेषेवरून धावते, पालक व्हिडिओ काढतात, ग्रुपवर टाकतात. मुलाला विचारावं की गाडीला रेष दिसते कशी, तर ते म्हणतं, 'सेन्सर आहे ना.' सेन्सर म्हणजे काय, पांढऱ्यावरून उजेड जास्त परततो आणि काळ्यावरून कमी, हे त्याला माहीत नसतं, कारण कळण्याची गरजच पडलेली नसते. जिथे चूक होऊ शकली असती ती प्रत्येक जागा किट बनवणाऱ्याने आधीच बुजवून ठेवली आहे. तासाला एक मॉडेल झालंच पाहिजे, नाहीतर पुढच्या महिन्याची फी येणार नाही, हा त्यामागचा साधा हिशोब. क्लासवाल्याला दोष देण्यात अर्थ नाही, त्याचा तो धंदा आहे.

आता दुसरं टोक. एका वस्तीतल्या समाजमंदिरात संध्याकाळी भरणारं एक विज्ञान मंडळ मी पाहिलं आहे. त्या दिवशी मोटार बनवायची होती. साहित्य म्हणजे एक सेल, दोन सेफ्टी पिना, सायकलच्या ट्यूबमधून कापलेलं रबर, जुन्या स्पीकरमधलं गोल चुंबक आणि मोटार रिवाइंडिंगवाल्याकडून आणलेली इनॅमलची, म्हणजे वीज अडवणारा लेप असलेली, तांब्याची तार. तार सेलभोवतीच गुंडाळून वेटोळं करायचं, दोन टोकं दोन बाजूंना सरळ काढायची, टोकांवरचं इनॅमल खरवडायचं, सेफ्टी पिनांच्या भोकांत ती ठेवायची आणि खाली चुंबक. एवढं केलं की वेटोळं गरगर फिरायला हवं.

एका गटाचं फिरेना. जरा थरथरायचं, अर्धवट वळायचं, मागे यायचं आणि थांबायचं. पोरांनी सेल बदलला, चुंबक उलटं केलं, वेटोळ्याला बोटाने टिचकी मारली. दरम्यान एका पिनेला चांगलाच चटका बसण्याइतकी ऊब आली आणि 'ताई, गरम झालंय' असा ओरडा झाला. मंडळ चालवणाऱ्या ताईने सेल काढायला लावला आणि विचारलं, 'थांबतं तेव्हा कुठल्या स्थितीत थांबतं? दर वेळी तिथेच थांबतं का, बघा बरं.' बस, इतकंच. मग ती दुसऱ्या गटाकडे निघून गेली.

दर वेळी ते एकाच स्थितीत थांबत होतं. मुलांची त्यावरून बरीच वादावादी झाली. त्यांनी दोन्ही टोकं अगदी चकचकीत होईपर्यंत खरवडली होती, त्यामुळे वीज सतत वाहत होती. चुंबक वेटोळ्याला आपल्याकडे ओढून घेई आणि पुढे गेलं की परत मागे खेची. अर्ध्या फेरीपुरती वीज तोडली तर वेटोळं आपल्या वेगाने पुढे सरकेल, हे सहावीतल्या एका मुलीला सुचलं. तिने ते या शब्दांत सांगितलं नाही. ती म्हणाली, 'याला मधे मधे सोडून द्यायला पाहिजे.' आणि खरवडून टाकलेलं इनॅमल परत कुठून आणायचं म्हणून ती घरी पळत गेली, मोठ्या बहिणीची नेलपॉलिश घेऊन आली आणि एका टोकाच्या अर्ध्या बाजूला लावली. वाळेपर्यंत फुंकरा मारण्यात सगळा गट गुंतला होता. मग वेटोळं फिरलं.

मोटारीतल्या कॉम्युटेटरचं, म्हणजे दर अर्ध्या फेरीला विजेची दिशा उलटवणाऱ्या भागाचं, काम काय, हे त्या मुलीला दहावीत शिकवताना शिक्षकाला फारसे कष्ट पडणार नाहीत. पण मला जास्त मोलाची वाटते ती ताईची वागणूक. उत्तर तिला ठाऊक होतं. 'अगं, एक टोक अर्धंच खरवडायचं' हे एक वाक्य बोलली असती तर पाच मिनिटांत सगळ्या मोटारी फिरल्या असत्या आणि कार्यक्रम वेळेत संपला असता. तिने ते वाक्य गिळलं आणि त्याजागी नेमका एक प्रश्न टाकला. हे कसब किटच्या खोक्यात घालून पाठवता येत नाही.

इथे एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. मुलांना नुसतं साहित्य देऊन 'शोधा, तुमचं तुम्ही' म्हटलं तर ती शिकत नाहीत, असं सांगणारे अभ्यासक आहेत. किर्शनर, स्वेलर आणि क्लार्क या तिघांनी २००६ साली हे फार ठासून मांडलं: नवख्या माणसाला फारसं मार्गदर्शन न देता सोडलं तर त्याच्या डोक्यावर भार पडतो आणि हाती काही लागत नाही. आपल्याकडे 'कृतियुक्त शिक्षण' म्हणून थर्माकोलचे ज्वालामुखी आणि कापसाचे ढग करण्याचा जो उद्योग चालतो, तो पाहिला की त्यांचं म्हणणं खरं वाटतं. व्हिनेगर आणि खायचा सोडा फसफसला, टाळ्या पडल्या. ज्वालामुखीशी त्याचा काडीचा संबंध नाही. हात चालले म्हणजे डोकं चाललंच असं नसतं. पण या आक्षेपातून किटच्या बाजूचं काही निघत नाही. निघतं ते एवढंच, की मुलांच्या शेजारी कोणीतरी जाणता माणूस हवा, योग्य वेळी प्रश्न विचारणारा आणि योग्य वेळी गप्प बसणारा. मोकळं सोडणं आणि पायरीपायरीने हाकणं, या दोन्हींच्या मधली जागा फक्त माणूसच भरून काढू शकतो.

साहित्याची आणि कल्पनांची चणचण तर आपल्याला कधीच नव्हती. मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली सोळा शाळांत प्रयोगातून विज्ञान शिकवण्याचा कार्यक्रम सुरू झाला. पुण्यात टेल्कोमध्ये (आताच्या टाटा मोटर्समध्ये) नोकरी करणारे अरविंद गुप्ता १९७८ मध्ये रजा काढून तिथे गेले आणि काड्यापेटीच्या काड्या व सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांतून त्यांनी मेकॅनोसारखा, सुटे भाग जोडून वस्तू बनवण्याचा खेळ उभा केला. चार काड्यांचा चौकोन दाबला की कलंडतो, तीन काड्यांचा त्रिकोण हटत नाही. पुलाच्या आणि पत्र्याच्या शेडच्या कैचीत, म्हणजे आधाराच्या सांगाड्यात, त्रिकोण का असतात, हे त्यातून सातवीतल्या पोराला बोटांनी कळतं. पुढे पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशी शेकडो खेळणी केली. त्यांच्या कृती, चित्रफिती सगळं फुकट उपलब्ध आहे, मराठीतसुद्धा. ही शोधिका ज्या इमारतीत आहे तिचं नाव 'पुलस्त्य'. सप्तर्षींतला एक तारा आणि देणगी देणाऱ्या प्रतिष्ठानाच्या नावातले पु. ल., दोघांनाही त्यात जागा मिळाली आहे.

होशंगाबादच्या कार्यक्रमाचं नाव निघालं की लोकांना काड्या आणि नळ्या आठवतात. मला त्यातली मासिक गोष्ठी जास्त महत्त्वाची वाटते. शिक्षक महिन्यातून एकदा जमायचे, कुठला प्रयोग फसला, मुलांनी कुठला प्रश्न विचारून अडचणीत आणलं, हे एकमेकांना सांगायचे. मुलांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायला 'सवालीराम' नावाचं एक काल्पनिक पात्र होतं, त्याच्या नावाने पोरांची पत्रं येत. सोळा शाळांवरून तो कार्यक्रम हजारेक शाळांपर्यंत गेला आणि २००२ साली राज्य सरकारने एका निर्णयात बंद केला. साहित्य तेव्हाही स्वस्त होतं. किंमत होती ती माणसांना एकत्र ठेवण्याची. डॉ. जयंत नारळीकर सही मागायला आलेल्या मुलांना पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठवायला सांगत आणि उत्तराखाली सही करून देत. एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञाने पोस्टकार्डांना उत्तरं लिहीत बसावं, याचा अर्थच असा की मुलाच्या प्रश्नाला माणसाचा वेळ लागतो, हे त्यांना नीट ठाऊक होतं.

आणि आपण काय उभं केलं? २०१६ पासून केंद्र सरकारच्या अटल टिंकरिंग लॅब आल्या. कल्पना चांगली. सहावी ते बारावीच्या मुलांसाठी शाळेतच थ्रीडी प्रिंटर, इलेक्ट्रॉनिक्सचं सामान, हत्यारं. देशभरात सुमारे दहा हजार शाळांत त्या झाल्या आणि २०२५च्या अर्थसंकल्पात पुढच्या पाच वर्षांत आणखी पन्नास हजार सरकारी शाळांत त्या उभारण्याची घोषणा झाली. मूळ योजनेत एका शाळेला वीस लाख: दहा लाख उभारणीला, दहा लाख पाच वर्षांच्या चालवण्याला. हा दुसरा आकडा जरा कागदावर मांडा. वर्षाला दोन लाख, म्हणजे महिन्याला सोळा-सतरा हजार. त्यातच देखभाल, सुटं सामान, कार्यक्रम, सगळं. रोज संध्याकाळी दोन तास थांबणारा माणूस यात बसवायचा तर बाकी काही करू नये. म्हणून मग भिस्त कोणावर, तर आधीच बावीस कामं अंगावर असलेल्या विज्ञान शिक्षकावर आणि आठवड्यातले तास-दोन तास देणाऱ्या स्वयंसेवकांवर. स्वयंसेवक पुण्या-मुंबईत मिळतात. सुरगाण्यात किंवा अहेरीत कुठून यायचे? शिवाय सपाट प्रदेशातल्या शाळेला या लॅबसाठी दीड हजार चौरस फुटांची जागा दाखवावी लागे. दोन खोल्यांच्या जिल्हा परिषद शाळेने ती कुठून आणावी, हा प्रश्न कोणी विचारल्याचं ऐकिवात नाही.

एका शाळेत ही लॅब पाहायला गेलो होतो. खोली सुंदर रंगवलेली. प्रिंटरवर प्लास्टिकचं आच्छादन, कपाटाला कुलूप, किल्ली मुख्याध्यापकांच्या खणात. विचारलं तर म्हणाले, 'डेडस्टॉकला नोंद आहे हो. उद्या काही हललं, तुटलं, तर ऑडिटला उत्तर मी द्यायचं.' त्या गृहस्थांना हसण्यात अर्थ नाही. सरकारी शाळेत ज्यांनी काम केलं आहे त्यांना डेडस्टॉक रजिस्टरची, म्हणजे टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीची, दहशत ठाऊक आहे. वस्तू वापरात आली की तुटणार, तुटली की निर्लेखनाचा, म्हणजे ती नोंदीतून काढण्याचा, प्रस्ताव, त्यावर सह्या, त्यावर शेरा. यापेक्षा कुलूप बरं. वस्तू न वापरणारा मुख्याध्यापक या पद्धतीत सुरक्षित राहतो आणि वापरणारा गोत्यात येतो. तेव्हा पन्नास हजार नव्या लॅबच्या आधी एक साधा नियम काढा: मुलांच्या हाताळणीसाठी दिलेलं साहित्य उपभोग्य वस्तूंत धरावं, डेडस्टॉकमध्ये घेऊ नये, आणि दरवर्षी त्यातला ठरावीक हिस्सा मोडणार हे आधीच मान्य करावं. याला पैसा लागत नाही. एक शासन निर्णय पुरे.

माणसं कुठून आणायची, याचं उत्तर शिरूर तालुक्यातल्या पाबळने फार पूर्वी दिलं आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रातली नोकरी सोडून १९८३ साली या दुष्काळी गावात आले आणि त्यांनी विज्ञान आश्रम काढला. तिथून निघालेल्या 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' या कार्यक्रमात आठवी ते दहावीची मुलं आठवड्यातला एक दिवस वेल्डिंग, वायरिंग, शेती, पशुपालन, अन्नप्रक्रिया अशी कामं प्रत्यक्ष करतात. शिकवणारे बहुतेक गावातलेच: वेल्डिंगचं दुकान चालवणारा, वायरमन, रोपवाटिका असलेली बाई. त्यांना मानधन मिळतं. मुलांनी केलेलं काम गावाच्या उपयोगी पडतं, म्हणून माप चुकलं की गिऱ्हाईक बोलतं. त्याहून कडक परीक्षा कुठली? अमेरिकेतल्या एमआयटीबाहेरची पहिली फॅब लॅब, म्हणजे संगणकाच्या मदतीने वस्तू घडवण्याची कार्यशाळा, २००२ मध्ये याच पाबळला आली, तीही अशी माणसं तिथे आधीपासून होती म्हणून टिकली, असं मला वाटतं. २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार यांच्याकडे शिकावं असं म्हटलं आहे. दहा दिवस! तेवढ्यात पोराला रंधा धरता यायचा नाही.

संध्याकाळ म्हटली की आणखी एक गोष्ट बघावी लागते: ती कोणाच्या वाट्याला येते. मुलग्याला पाच वाजता 'जा, खेळून ये' म्हणतात. त्याच घरातल्या मुलीच्या कडेवर धाकटं भावंड असतं किंवा हातात हंडा. अंधार पडला की तिला बाहेर राहता येत नाही. म्हणून मंडळ शाळेच्या मोठ्या इमारतीत, दीड किलोमीटरवर भरलं की मुली आपोआप गळतात आणि मग 'मुलींना विज्ञानाची आवड कमी' असा निष्कर्ष निघतो. ते वस्तीतच भरवावं, लवकर सोडावं आणि भावंडाला सोबत आणायला मनाई नसावी. त्या पोराच्या हातात पाण्याची पिचकारी किंवा आगकाड्यांचा त्रिकोण दिला की तेही रमतं. याच्या उलट जिथे संध्याकाळ मोकळीच आहे अशा जागा आपल्याकडे आहेत आणि तिकडे कोणाचं लक्ष नाही. पालघर, नंदुरबार, गडचिरोलीतल्या आश्रमशाळांत मुलं राहायलाच असतात. ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी बीडकडे हंगामी वसतिगृहं चालतात. संध्याकाळी पाच ते सात या वेळात मुलं तिथे नुसती बसून असतात. सुरुवात करायची तर तिथून करावी, कॉर्पोरेट निधीला फोटोसाठी जवळ पडणाऱ्या शहरी शाळांपासून नको.

'आधी पोरांना वाचायला तर येऊ द्या, मोटारी मग फिरवा,' असं अधिकारी म्हणतात, शिक्षकही म्हणतात. वाचनाची काळजी रास्तच आहे, पण वाचन-गणित आणि हे काम एकमेकांचे वैरी आहेत हे गृहीतक मला मान्य नाही. दोरीला दगड बांधून लंबक करा. जड दगड लवकर झुलेल, असं झाडून सगळी मुलं सांगतात. मग वीस झोके मोजायचे, घड्याळाकडे बघायचं, वहीत लिहायचं, भागाकार करायचा. दगड बदलला तरी उत्तर तेच येतं, तेव्हा अर्धा वर्ग 'मोजायला चुकलं' म्हणून परत मोजतो. दोरी चौपट केल्यावर वेळ दुप्पट होतो, हे सापडायला आणखी एक संध्याकाळ जाते. भागाकाराचा एवढा सराव कुठल्या कृतिपत्रिकेने होत असेल? आणि आपलं निरीक्षण दुसऱ्या गटाला पटवायचं म्हणून जे लिहावं लागतं, ते निबंधापेक्षा बरं उतरतं.

एक काळजी मात्र मला वाटते, ती स्पर्धेची. मुंबईच्या विज्ञान अध्यापक मंडळाने १९८१ पासून डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा चालवली. लेखी परीक्षेनंतर प्रात्यक्षिक, मग कृती संशोधन आणि मुलाखत, अशी तिची रचना घोकंपट्टीला आळा बसावा म्हणूनच केलेली. पण बाजार त्याच्याही पुढे निघाला. आज प्रात्यक्षिकांचे क्लास आहेत, कृती संशोधनाचे विषय सुचवणारे आहेत आणि प्रकल्पाची फाइल नीटनेटकी करून देणारेही असतात. आयोजकांचा यात काय दोष? कुठल्याही गोष्टीला पदक लागलं की आपल्याकडे तिचा क्लास होतो. म्हणून संध्याकाळच्या मंडळाला परीक्षा नको, क्रमांक नको, प्रमाणपत्रही नको. फसलेली मोटार घेऊन पोराला दुसऱ्या दिवशी परत येता आलं पाहिजे.

मानधनावरच्या माणसांचं आपण काय करतो, याचा अनुभव काही चांगला नाही. शिक्षण हक्क कायद्याने शंभरावर पट असलेल्या उच्च प्राथमिक शाळांना कला, क्रीडा आणि कार्यानुभवासाठी अंशकालीन निदेशक देऊ केले. महाराष्ट्रात ते नेमले गेले आणि मग मानधन, फेरनियुक्ती, कोर्टकचेऱ्या यांत त्यांची परवड झाली. कार्यानुभवाचा निदेशक म्हणजेच खरं तर संध्याकाळच्या विज्ञानाला हवा असलेला माणूस. नवं पद निर्माण करायची गरज नाही. हेच पद नीट भरा, त्याची वेळ शाळा सुटल्यानंतरची ठेवा, आयटीआय झालेल्या मुला-मुलींना, निवृत्त वायरमनला, बीएस्सी होऊन घरी बसलेल्या सुनेला त्यावर घ्या, आणि शाळांच्या समूह केंद्रात महिन्यातून एकदा त्यांना एकत्र बसवा. डाएटकडे, म्हणजे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेकडे, त्या गोष्ठीची जबाबदारी द्यावी. तिथल्या अधिव्याख्यात्यांनाही प्रशिक्षणाच्या पीपीटीतून सुटका मिळेल.

नव्या लॅबचे अर्ज आता शाळाशाळांत भरले जातील. यंत्रांची यादी त्यात असेलच, तिला कोणी विसरत नाही. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत पालकांनी तेवढे दोन प्रश्न विचारावेत: संध्याकाळी लॅब उघडणाऱ्याला महिना किती रुपये मिळणार, आणि कपाटाची किल्ली कोणाकडे राहणार.